खारट पाण्याला भिणारं सोंग

डोंगराच्या पोटाशी, जिथे उन्हाळ्यात पाचोळ्यालाही तहान लागावी अशा एका जंगलात, एक सायाळ आपल्या पिल्लाला घेऊन राहत असे. शेजारी ससा, वरच्या अंगाला कोल्हा आणि आटलेल्या डोहाच्या गाळात एक म्हातारं कासव. वैशाख लागला की सगळं पाणी संपे. उरे ती एका खडकाची कपार. तिच्यातून थेंब थेंब पाणी ठिबके, ते एकाच घराला पुरेल एवढं. बाकीच्यांनी डोंगर ओलांडून नदीवर जायचं. ज्याचे पाय धड असतील तो पोचे, नसतील तो वाटेत राही.

कपारीसाठी दात-नखं काढायची नाहीत, सोंगांचा डाव खेळायचा, अशी तिथली जुनी रीत. प्रत्येकाने मनाने एक सोंग रचायचं. त्याला एक गुण द्यायचा आणि त्या गुणाला शोभेल एवढ्या वजनाची एक खोडही द्यायची. कासव गोष्ट सांगे आणि सगळी सोंगं त्या गोष्टीतून चालत. फोडलेला चिंचोका उडवायचा. पांढरी बाजू वर आली तर पाऊल पुढे, काळी आली तर जागच्या जागी. ज्याचं सोंग गोष्टीच्या शेवटाला आधी पोचेल, त्याच्या घराला कपार. गेल्या साली सायाळीने मोठा गुण मिळावा म्हणून आपलं सोंग लंगडं केलं होतं. कासवाने चढणीमागून चढण आणली आणि ते बिचारं पहिल्याच घाटात बसलं. कपार कोल्ह्याला गेली. मग ती दोन पिल्लं घेऊन नदीकडे निघाली, आणि पोचली तेव्हा बाळांनो, तिच्या मागे एकच पिल्लू चालत होतं. यंदा त्याही पिल्लाला उभं राहवत नव्हतं. बिळात पडल्या पडल्या ते कोरडा दगड चाटत होतं. डाव हरला तर काय होणार, हे सायाळीला कुणी सांगायला नको होतं.

डाव मांडला. "माझं सोंग वाऱ्यासारखं पळतं," कोल्हा म्हणाला. "आणि खोड म्हणाल तर खारट पाण्याला भितं. समुद्र दिसला की जागचं हलत नाही."

"गेल्या सालचीच खोड! अरे लबाडा, इथे समुद्र आहे कुठे?" ससा ओरडला.

"ते मला काय विचारतोस? रीतीत बसतं ना, कासवआजोबा?"

"बसतं," कासव पुटपुटलं.

सशाने सांगितलं, "माझ्या सोंगाला हत्तीचं बळ. पण पान सळसळलं की ते डोळे मिटून खाली बसतं."

"अरे, सोंग कसलं ते? तूच की तो!" कोल्हा फिदीफिदी हसला.

सायाळीला काही सुचेना. तेवढ्यात बिळातून पिल्लाने बारीक हाक मारली आणि तिची मान आपोआप वळली. "माझ्या सोंगाला काटा टोचत नाही की वार लागत नाही," ती म्हणाली. "पण कुणी हाक मारली की त्याचं पाऊल पुढे पडत नाही. आधी त्याच्याकडे जावंच लागतं."

"सायाळबाई, ही खोड फार नडेल हो," कासव म्हणालं.

"नडू दे. पण एक विचारते, आजोबा. गेल्या साली माझी खोड तुम्ही पावलोपावली आडवी आणलीत. कोल्होबाची एकदा तरी आणलीत का?"

कासवाने मान कवचात ओढून घेतली. मग ती बाहेर काढून त्याने गोष्ट सुरू केली.

गोष्टीत आधी बाभळीचं रान लागलं. वारा सुटला, पानं सळसळली आणि सशाचं सोंग डोळे मिटून खाली बसलं. "कुणी आहे का हो?" सशाने सोंगाच्या वतीने हाक मारली. कोल्ह्याचं सोंग केव्हाच पुढे निघून गेलं होतं. सायाळीला थांबावं लागलं. त्या हत्तीच्या बळाच्या भित्र्याला तिने आपल्या सोंगाच्या पाठीवर घेतलं. आता चिंचोका पांढरा पडला तरी पाऊल अर्धंच पडे. कोल्ह्याचं सोंग पार दिसेनासं झालं. इकडे बिळातून येणारी हाकही थांबली. सायाळीची मान बिळाकडे वळली, पण डाव अर्ध्यात सोडता येत नव्हता. तिने चिंचोका उडवला. काळा. पुन्हा उडवला. पुन्हा काळा.

शेवटी उघडाबोडका कडा लागला. गुहेत शिरणारी वाट एका शिळेने अडवली होती आणि तिच्यापुढे कोल्ह्याचं सोंग नुसतंच येरझाऱ्या घालत होतं. पळून काही शिळा हलत नाही. तिथे झाड नव्हतं, पान नव्हतं. सशाच्या सोंगाने डोळे उघडले, ते पाठीवरून उतरलं आणि त्याने शिळा ढकलून दिली. ढकलली मात्र, कोल्ह्याचं सोंग सुर्रकन आत!

"जिंकलो!" कोल्हा नाचू लागला. सायाळीने डोळे मिटून घेतले.

"थांब," कासव म्हणालं. "आत पाणी आहे. पाण्यापलीकडे शेवट. आणि पाणी आहे समुद्राचं."

"समुद्राचं? आपल्या रानात समुद्र कुठून आला?"

"तूच आणलास ना गेल्या साली? यंदाही आणलास. मी फक्त तो वाटेत ठेवला. खरं म्हणजे हे गेल्याच साली करायला हवं होतं," कासव म्हणालं आणि सायाळीकडे त्याला बघवेना.

कोल्ह्याचं सोंग काठावर गोठून उभं राहिलं. सायाळीचं पाण्यात उतरून पलीकडे गेलं. ससा म्हणाला, "मी इथवर तिच्याच पाठीवर बसून आलोय. कपार तिची." सायाळ पिल्लाला तोंडात धरून धावत सुटली. कपारीखाली पहिला थेंब त्याच्या ओठावर पडला, दुसरा पडला, आणि मग पिल्लाने जीभ बाहेर काढली. सायाळ त्याला बिलगून बसली. दुसऱ्या कुशीला एका पिल्लाएवढी जागा रिकामीच राहिली. पण हे पिल्लू पीत होतं.

तात्पर्य : जी खोड आपल्याला कधीच नडत नाही, ती खोड नव्हे, पळवाट आहे. खरी खोड किंमत घेते, पण तिच्यामुळेच सोबतही मिळते.