रत्नकंठाची रत्ने

एका राज्यात, जिथली नदी डोंगराला वळसा घालून पुन्हा डोंगराकडेच परत येत असे, धृतिवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता. राणी त्याची कुमुद्वती. मुले दोन: थोरली राजकन्या केतकी, धाकटा राजपुत्र नीलध्वज.

त्या राज्याची रीत अशी, की राजाची मुले दुधाचे दात पडले की अरण्यातल्या आश्रमात जायची आणि शहाणी होऊन परत यायची. कुमुद्वतीने ती रीत मोडली. माझी मुले माझ्यापाशी शिकतील, असे तिने राजाला सांगितले. राजाचा तिच्यावर जीव होता, त्याने मान डोलावली. मग सकाळी मुले आईपाशी अक्षरे गिरवायची आणि दुपारी मनाला येईल तिकडे हिंडायची. केतकी गोगलगाईचा माग काढीत अर्धी बाग पालथी घालायची. नीलध्वज पागेत बसून घोड्याला नाल ठोकताना पाहायचा, महालात येऊन मातीची नाल करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा.

दरबाराला हे रुचले नाही. प्रधानाची मुले आश्रमातून परतली तेव्हा त्यांनी भर सभेत न अडखळता शास्त्रे म्हणून दाखवली. नीलध्वजाला म्हणायला सांगितले, तर तो मधेच थांबला आणि त्याने विचारले, की या श्लोकातला समुद्र खारा आहे की गोडा? सभेत हशा पिकला. राजाची मान खाली गेली. तेव्हापासून जो तो राणीला आडून विचारू लागला, की मुले कुठवर आली? राजानेही एकदा विचारले. राणीला उत्तर देता आले नाही आणि राजाच्या मनात संशयाचे बी पडले.

बी पडले, तसा त्याला पाणी घालणाराही आला. दक्षिणेकडून रत्नकंठ नावाचा आचार्य राज्यात उतरला. केस पिकलेले, पण हात मात्र तरण्याताठ्या माणसाचे. खांद्यावर एक साळुंकी, मागे उंटाच्या पाठीवर लोखंडी पेटी. मुलांना आश्रमात धाडण्याचे कारण नाही, इथेच महालात ती साऱ्यांच्या पुढे जातील, असे त्याने राजाला वचन दिले. पेटी उघडली तेव्हा दरबाराचे डोळे दिपले. आत रत्ने होती. एक पाठ आला की एक रत्न, असा त्याचा नेम होता.

पुढच्या पौर्णिमेच्या आत मुले शास्त्रे म्हणू लागली. वर्षाच्या आत प्रधानाची मुले त्यांच्यापुढे उभी राहीनात. राजाने रत्नकंठाला उत्तरेचा बुरूज राहायला दिला. सगळे राज्य आनंदले.

एकटी कुमुद्वती आनंदली नाही. एके दिवशी आंब्याच्या ढोलीत पोपटाची पिल्ले दिसली, म्हणून तिने केतकीला हाक मारली. केतकी आली, वर न पाहता उभी राहिली आणि म्हणाली, "पाहिली तर काय मिळेल?"

 त्या दिवसापासून राणी डोळ्यांत तेल घालून रत्नकंठावर पाळत ठेवू लागली. तिला दिसले, की त्याचे पिकले केस मुळाशी काळे होऊ लागले आहेत. मुले जितकी मलूल होत, तितका तो टवटवीत होई. मुलांच्या ताटातले अन्न तिने आधी स्वतः चाखले. अन्नात काही नव्हते. मग तिने मुलीच्या उशाखालचे एक रत्न उचलले. ते नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखे कोमट होते. कानाशी धरले, तर आत केतकीचा लहानपणीचा आवाज म्हणत होता, "हे असे का? हे असे का?"

ती धावत राजाकडे गेली. राजाने रत्न कानाशी धरले. त्याला काहीच ऐकू आले नाही.

"देवी," राजा हळू आवाजात म्हणाला, "तुमची विद्या मुलांना पुरली नाही, आचार्यांची पुरली. ते शल्य तुम्हाला बोचते आहे."

राणी परत फिरली. वाटेत तिला स्वतःचाच संशय आला. कदाचित राजाचेच खरे असेल. मत्सराच्या कानाला दगडही बोलल्यासारखे वाटतात.

त्या विचारात ती बागेत बसली असताना रत्नकंठाची साळुंकी समोरच्या फांदीवर उतरली. राणीने तिला सहज विचारले, की तुझा धनी माझ्या मुलांचे काय करतो आहे?

"त्यांची जिज्ञासा रत्नांत साठवतो आणि तिच्यावर जगतो," साळुंकी म्हणाली. "मीही एका राजाची मुलगी होते. सगळे पाठ आले, विचारण्याजोगे काही उरले नाही, तेव्हा मी पक्षी झाले. तुमची मुलेही होतील."

"तू त्याच्या हातचे खातेस. मी तुझ्यावर विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका. मला मनाने रचून काही सांगता येत नाही. शाप टिकावा म्हणून तो रोज पहाटे सबंध म्हणतो, उःशापासकट. ते ऐकून मला पाठ झाले. आजवर मला कुणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही."

राणीने उःशाप विचारला. साळुंकीने तो म्हणून दाखवला. आचार्य आला त्या दिवसापासून महालात तीन गोष्टी बिघडल्या आहेत: पुष्करिणी आटली, संगीतशाळेतली वीणा बेसूर झाली, आणि उत्तरेच्या बुरुजाचा आतला दरवाजा कुलूप नसताना उघडेनासा झाला. मुलांनी पाणी आणावे, सूर लावावा, दरवाजा उघडावा. मात्र कुणी सांगून नव्हे, आमिषाने नव्हे, धाकाने नव्हे.

एवढे बोलून साळुंकी उडाली आणि थेट बुरुजाच्या खिडकीत जाऊन बसली. राणीने ते पाहिले. हा सापळा तर नाही? ज्या मुलांना आमिषावाचून हात हलवता येत नाही, ती न सांगता आटल्या पुष्करिणीत पाणी कसे आणतील? तरीही तिने एक युक्ती केली. मुलांना घेऊन ती पुष्करिणीवर गेली आणि आपल्याशीच बोलावे तशी म्हणाली, की इथले पाणी कुठे गेले असेल बरे? नीलध्वजाने लगेच विचारले, सांगितले तर कोणते रत्न? तळातला चिखल त्याच क्षणी तडकला. युक्ती म्हणजेही सांगणेच, हे राणीला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच पुष्करिणीत उतरली, रागाने. साळुंकी खोटी आहे हे तिला सिद्ध करायचे होते. तिने पायऱ्या चाचपल्या, चिखल उकरला, दगडावर दगड ठोकला. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. तिला नवल वाटले. इतकी वर्षे ती इथे स्नानाला येत होती, पण पाणी कुठून येते हे तिला ठाऊक नव्हते. ती कोपरापर्यंत चिखलात गेली आणि मुलांना विसरली, शापालाही विसरली.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा वरून आवाज आला. केतकी काठावर उभी होती.

"आईसाहेब, काय करता आहात?"

"पाणी कुठून यायचे ते शोधते आहे."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"नाही," राणी म्हणाली, आणि ते खरे होते.

 केतकी एक पायरी उतरली, मग आणखी एक. तळाशी येऊन तिने भिंतीला कान लावला, शेवाळाची एक हिरवी रेघ बोटाने धरली आणि तिच्यामागून चालत गेली. रेघ एका दगडी माशाच्या तोंडाशी संपली. माशाचे तोंड मुळ्यांनी बुजले होते. केतकीने नखांनी मुळ्या ओढल्या. नखे मोडली. राणीचे हात मदतीला शिवशिवले. ते तिने पदरात गुंडाळून धरले. तिन्हीसांजेला माशाच्या तोंडातून पाणी उसळले आणि केतकी भिजून हसू लागली. काय मिळेल, हे तिने विचारले नाही. तिच्या उशाखालचे एक रत्न त्या वेळी साधा खडा झाले.

रत्नकंठाच्या काळ्या होत आलेल्या केसांत पुन्हा एक पांढरी बट आली. त्याला संशय आला. त्याने राजाला सांगितले, की राणी आटल्या पुष्करिणीत बसून मंत्र म्हणते, मुलीला चिखल फासते. हे चेटूक आहे. राजाने मुलीचे चिखलाचे हात पाहिले होते. दुसऱ्या दिवशी राणीच्या दालनाबाहेर पहारा बसला आणि मुलांना तिकडे जाण्याची मनाई झाली.

राणीच्या दालनाला लागून संगीतशाळा होती. मधे एक भिंत. काही दिवसांनी त्या भिंतीपलीकडून वीणेचा सूर आला, गळा धरल्यासारखा. पुन्हा आला. पुन्हा तसाच. राणी ताठ बसली. ती वीणा तिच्या माहेरची होती. तिची तिसरी खुंटी घसरत असे. खडू लावला की बसे. एवढे भिंतीतून ओरडून सांगितले असते तरी काम झाले असते.

पण पलीकडे नीलध्वजच आहे कशावरून? आपण बोलावे, उःशाप मोडावा, म्हणून रत्नकंठच तारा छेडत नसेल कशावरून? राणीने ओठ मिटले. सूर रोज येत राहिला. कधी तार तुटे. कधी वीणा आपटल्याचा आवाज येई आणि मग दिवसभर काहीच नसे. त्या शांततेत राणीला वाटे, संपले, तो आता पुन्हा येणार नाही. आणि तो येई. राणी भिंतीला पाठ लावून बसे आणि डोळे पुसत राही, कारण जे एका वाक्यात देता येते ते न देणे तिला उपासाहून जड जात होते.

एके सकाळी सूर थांबला. पलीकडे काहीतरी घासल्याचा आवाज आला. मग षड्ज लागला, स्वच्छ आणि लांब. राणीने पदर तोंडात कोंबला.

नीलध्वजाच्या बोटांना खडू लागला होता. तो तसाच बहिणीला शोधत निघाला. हे आईसाहेबांना ऐकवायचे, असे त्याने तिला सांगितले. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आले, की आई कोंडलेली आहे आणि का कोंडली हे आपण कुणालाही विचारलेले नाही. दोघे राजापुढे जाऊन उभे राहिले. राजाने आचार्यांनी सांगितलेले सांगितले.

"आबासाहेब," नीलध्वज म्हणाला, "ते आपण स्वतः पाहिलेत?"

 राजाने पाहिले नव्हते. आचार्याने सांगितलेले कितीतरी त्याने असेच न पाहता खरे मानले होते. तो सिंहासनावरून उठला. आचार्य बुरुजात काय ठेवतात, असे केतकीने विचारले तेव्हा तेही त्याला सांगता येईना. तिघे उत्तरेच्या बुरुजाकडे चालू लागले.

आतल्या दरवाजाला ना कुलूप होते, ना कडी. राजाने खांदा लावला, दरवाजा हलला नाही. नीलध्वजाने आलेली सगळी शास्त्रे म्हणून पाहिली, दरवाजा हलला नाही. केतकीने लाकडावर हात ठेवला.

"तुझ्या आत काय आहे?" तिने विचारले.

दरवाजा उघडला.

आत रत्नांची रास होती, छतापर्यंत. प्रत्येकातून बारीक आवाज येत होता. देशोदेशीची मुले आपापल्या भाषेत विचारीत होती, हे काय, हे कुठून, हे असे का. या खेपेला राजालाही ते ऐकू आले. राशीवर रत्नकंठ बसला होता. तो घाबरला नव्हता. त्याने झग्यातून एक रत्न काढले, नारळाएवढे, आणि ते नीलध्वजापुढे धरले.

"हे घे. याला हात लावला की जगातले सारे ज्ञान तुझे. पुन्हा कधी शिकावे लागणार नाही. सभेत तुला पुन्हा कुणी हसणार नाही."

नीलध्वजाला ती सभा आठवली. त्याचा हात पुढे झाला. राजा त्याला अडवायला निघाला, पण केतकीने बापाची बाही धरली. रत्नाच्या प्रकाशात राजपुत्राची बोटे लाल दिसू लागली. मग ती थांबली.

"मग मी उद्या काय करू?" नीलध्वजाने विचारले.

रत्नकंठाकडे सगळ्या शास्त्रांची उत्तरे होती. हे उत्तर नव्हते. तो शोधत राहिला आणि शोधता शोधता त्याचे केस पिकले, हात सुरकुतले, पाठ वाकली. मोठे रत्न त्याच्या हातून निसटून फरशीवर फुटले आणि मागोमाग सगळी रास फुटली. हजारो आवाज खिडकीतून बाहेर पडले आणि आपापल्या देशी गेले. रत्नकंठ मागे राहिला, एक थकलेला म्हातारा; शिपायांनी त्याला हाताला धरून राज्याच्या सीमेपार सोडले. खिडकीत साळुंकी होती तिथे एक मुलगी बसली होती. तिने प्रथम स्वतःचे हात पाहिले आणि विचारले, "माझे नाव काय होते?" राजाने तिच्या आईबापांचा शोध करविला आणि पालखीतून तिला घरी पोहोचवले.

राणीच्या दालनाबाहेरचा पहारा राजाने स्वतः उठवला. त्याने क्षमा मागितली. तिने ती लगेच केली नाही. संशय एका दिवसात जात नाही, तिचाही गेला नाही. पण मुले पुन्हा तिच्यापाशी शिकू लागली, आणि मुले कुठवर आली हे दरबारात पुन्हा कुणी विचारले नाही.

पाऊसकाळ सरल्यावर एका दुपारी राजा मुलांच्या दालनात आला. नीलध्वज जमिनीवर पालथा पडून बांबूच्या कामट्या, सूत आणि मेण यांचे काहीतरी जोडत होता. ते सारखे कोसळत होते. त्याने वर पाहिले नाही. राजाला कौतुक वाटले. त्याने बोटातली अंगठी काढली, मुलाला देण्यासाठी. दारात कुमुद्वती उभी होती. तिने अंगठीकडे पाहिले. राजाने अंगठी पुन्हा बोटात घातली, मुकुट काढून बाजूला ठेवला आणि खाली बसला.

"हे काय आहे?" त्याने विचारले.

"अजून कळले नाही," नीलध्वज म्हणाला, आणि सरकून त्याने बापाला जागा करून दिली.