गच्चीवरच्या कॅमेऱ्याची तार

करवंदगडच्या राणीसाहेबांच्या कुरडया पुन्हा चोरीला गेल्या!

काही साधीसुधी चोरी नव्हे ही. चोर मोठा रसिक. वाळून खडखडीत झालेल्या कुरडयांना तो हात लावत नसे. सकाळी घातलेल्या, दुपारपर्यंत वरून सुकलेल्या आणि आतून ओलसर राहिलेल्या कुरडया तेवढ्या तो उचलायचा. इथून एक, तिथून एक. उरलेल्या पसरून ठेवायचा, म्हणजे रांग भरलेली दिसावी. अशी कुरडई ज्यानं चोरून खाल्ली नाही त्याचं बालपण वायाच गेलं म्हणायचं. पण राणीसाहेबांचा दंडकच होता, डब्यात भरेपर्यंत वाळवणाला कुणी शिवायचं नाही. अगदी राजे भुजंगरावांनीसुद्धा!

"चोर सापडला नाही तर पुढच्या वर्षी वाळवण बंद!" राणीसाहेबांनी भर दरबारात सांगून टाकलं.

राजे दचकले. "कॅमेरा लावा गच्चीवर!" ते ओरडले.

"तारेचा लावू," प्रधान म्हणाले. "तार जोडली की दिवसरात्र बघत बसतो. त्याला झोप नाही, की सुट्टी नाही."

"बिनतारेचा लावा," सेनापती म्हणाले. "खिळ्याला अडकवला की काम झालं. तार ओढत बसायची कटकट कशाला?"

आधी प्रधानांचा मान राखला. गच्चीवरून तार सोडली. तासाभरात दासींनी तिच्यावर ओल्या साड्या वाळत घातल्या. साड्या काढल्या तर माकडं लोंबकळायला लागली. संध्याकाळी राजेसाहेब खालून जाताना त्यांची पगडी तारेत अडकली, आणि पगडी वर, राजे खाली अशी अवस्था झाली.

"तार नको!" राजे गरजले.

मग सेनापतींचा बिनतारेचा कॅमेरा लागला. तो बिचारा बरा चालायचा, पण दमायचा लवकर. चार्जिंगला खाली आणावा लागायचा. आता करवंदगडावर तोफा भरपूर, पण चार्जिंगचा प्लग एकच, तोही राजेसाहेबांच्या पलंगाशी. त्यामुळे दुपारी कॅमेरा राजांच्या खोलीत चार्ज होत पडायचा, आणि नेमक्या त्याच वेळी वर कुरडया गायब व्हायच्या!

राजांनी सगळा राग गच्चीच्या पहारेकऱ्यावर काढला. म्हाताऱ्या रावजीला समोर उभं केलं.

"रावजी, मला असा कॅमेरा हवा की ज्याची तार कुणाला दिसणार नाही आणि जो चार्जिंगला खाली उतरणार नाही! उद्या तिसऱ्या प्रहरापर्यंत लाव. नाहीतर गड सोडायचा!"

रावजीनं हात जोडले. सगळा जन्म त्यानं गडावर काढलेला, तो आता जाणार कुठं? त्याच्या मागे काठी घेऊन त्याची लेक ठमी उभी होती. वाळवणावरचे कावळे हाकलायचं काम तिचं.

"म्या लावते जी," ठमी म्हणाली.

"तू? कावळे हाकलणारी?"

"व्हय महाराज. कावळा कवा येतो आन् कुठं बसतो, त्येवढं कळतं मला. पर उद्या दुपारी गच्चीवर कुणी थांबायचं न्हाई. आमचा बाबा बी न्हाई आन् म्या बी न्हाई."

"मंजूर! मंजूर!" राजे इतक्या घाईनं म्हणाले की राणीसाहेबांनी वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी ठमीनं गच्चीवर साडी अंथरून कुरडया घातल्या, खांबाला कॅमेरा टांगला आणि बाबाला घेऊन खाली आली. दुपारी सगळा गड घोरत पडला.

तिसऱ्या प्रहरी दरबार गच्चीवर भरला. खांबावर कॅमेरा होता. प्रधानांनी मान वाकडी करून पाहिलं, तार नव्हती. सेनापतींनी शिडी लावून पाहिलं, बॅटरी नव्हती. दोघांनी जन्मात पहिल्यांदाच एकमेकांकडे आदरानं पाहिलं.

"वा! जिंकली पोरगी!" राणीसाहेब म्हणाल्या.

"थांबा!" राजेसाहेब मिशीवर ताव देत पुढे आले. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. "सगळी लबाडी आहे! या कॅमेऱ्याला तार आहे!"

"कुठाय जी? कुणाला तरी दिसतीय का?"

"दिसेल कशी? साडीवर पांढरी तार टाकलीस आणि तिच्यावर कुरडया मांडल्यास! आणि ती तार कशाला जोडलेलीसुद्धा नाही! तिचं टोक अगदी शेवटच्या रांगेखाली मोकळंच पडलंय!"

ठमीनं डोळे मोठे केले. "अगं बया! शेवटच्या रांगेपातुर पोचला व्हय महाराज?"

सगळा दरबार राजांकडे वळला. कावळ्यांनीसुद्धा माना वळवल्या.

"मी... मी पाहणी करत होतो," राजे चाचरले.

"व्हय जी. पाहणीतलं थोडं मिशीला ऱ्हायलंय!"

राजांनी चटकन मिशी चाचपली. कुरडईची एक लांबलचक पांढरी शेव हातात आली. प्रधानांनी मेलेल्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. "पण पोरी, हा तर बंदच आहे! यानं काहीच पाहिलं नाही!"

"त्येनं कशाला बघाया पायजे? तार फक्त कुरडई उचलणाऱ्याला दिसती, आन् ज्येला दिसली त्यो सोताच बोलला की!"

राणीसाहेबांनी राजांकडे असं काही पाहिलं की त्यांच्या हातातली शेव खाली पडली. मग राजांनाच हसू फुटलं. ते इतके हसले की पगडी घरंगळली, आणि त्यांच्यामागे राणीसाहेबही हसल्या.

"रावजी गडावरच राहील!" राजे डोळे पुसत म्हणाले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठमीला दिलं. "आता सांग पोरी, तारेचा ठेवू का बिनतारेचा?"

"कंचाबी नगं जी. रोज एक ओली रांग महाराजांच्या नावाची घाला, चोरी आपसूक थांबंल."

राणीसाहेबांनी मान डोलावली. "मग एक रांग ठमीच्याही नावाची!"

"लई उपकार झाले, राणीसाहेब," ठमीनं वाकून मुजरा केला. "पर माझी रांग महाराजांच्या रांगेशेजारी नगं!"