टिचकी खारीचा दाणा आणि परातभर कोशिंबीर

एका अंगणात होती लिंबोणी. लिंबोणीजवळ होता खलबत्ता. आणि दोघांच्या मधे, घडीत इथे घडीत तिथे, एक खार होती. तिचं नाव टिचकी.

टिचकी केवढी? एवढीश्शी. शेपूटच जास्त, खार कमी!

एके दिवशी ऊन पडलं कडकडीत. घरातल्या सरूकाकू पदराने वारा घेत म्हणाल्या, आज भाकरी नाही, आज भाजी नाही. आज परातभर कोशिंबीर करायची, सगळ्यांनी तीच जेवायची.

टिचकीला मात्र कोशिंबीर-बिशिंबीर काही माहीत नव्हतं. तिला सापडला होता दाणा. शेंगदाणा. लाल लाल, गुबगुबीत. सकाळपासून पोटात काही नाही, आणि हा एकुलता एक दाणा! टिचकी खलाच्या काठावर बसली. दाणा दोन्ही हातांत धरला. तोंड उघडलं. आणि...

टण्! टुण्! गडप!

दाणा पडला खलात. गेला तो थेट बत्त्याच्या खाली.

टिचकीने आत वाकून पाहिलं. बाप रे! खल केवढा खोल! बत्ता केवढा मोठा! काळा काळा, जड जड. टिचकीने मान वर केली. आणखी वर केली. तेव्हा कुठे बत्त्याचं डोकं दिसलं.

"बत्तेदादा, बत्तेदादा, उठा ना. दाणा मिळेना."

बत्ता म्हणाला, "मी नाही उठत. काकडी आल्याशिवाय मी नाही उठत."

बरोबरच आहे. काकडीच नाही, तर कूट कशाला कुटायचं?

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, सुळ्ळ!

मांडवावर होता वेल. वेलाला होती काकडी. लांबच लांब, हिरवीगार, अंगावर बारीक बारीक काटे. टिचकीने मान वर केली. आणखी वर केली. काकडी आपली आभाळातून लोंबतेय!

"काकडीताई, काकडीताई, खाली या ना. बत्ता उठेना, दाणा मिळेना."

काकडी म्हणाली, "मी नाही येत. दही लागल्याशिवाय मी नाही येत."

आता खुडली आणि दहीच नसलं, तर बिचारी सुकून नाही का जाणार?

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, सुळ्ळ!

खिडकीत होतं पातेलं. पातेल्यात होतं दूध. कोमट कोमट, पांढरंशुभ्र. टिचकीने काठावरून डोकावलं. अबब! इकडून तिकडे नुसतं पांढरं. आणि पांढऱ्यात एक खार! तीसुद्धा टिचकीकडे बघतेय!

"दुधोबा, दुधोबा, दही व्हा ना. काकडी येईना, बत्ता उठेना, दाणा मिळेना."

दूध म्हणालं, "मी नाही होत. विरजण आल्याशिवाय मी नाही होत."

विरजण म्हणजे काय? कालचं चमचाभर दही. ते दुधात घालायचं, मग दुधाचं दही होतं. पण काल सरूकाकूंनी सगळ्या दह्याचं ताक केलं. चमचाभर ठेवायचं, ते विसरल्याच! आता विरजण होतं फक्त शेजारच्या भागामावशींकडे.

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, सुळ्ळ!

भागामावशी ओट्यावर बसून मूग निवडत होत्या. मुगाला आले होते मोड. एवढे एवढे, पांढरे पांढरे, वाकडे वाकडे. काल हेच मूग गोटीसारखे टणक होते! टिचकी बघतच राहिली. मग तिला आठवलं.

"भागामावशी, भागामावशी, विरजण द्या ना. दही लागेना, काकडी येईना, बत्ता उठेना, दाणा मिळेना."

भागामावशी म्हणाल्या, "मी नाही देत. माझी वाटी आल्याशिवाय मी नाही देत. आणि रिकामी नको हं. शेजारची वाटी कुणी रिकामी परत करतं का?"

खरंच की! मागच्या वेळी विरजण दिलं, त्याची वाटी अजून सरूकाकूंकडेच होती.

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, सुळ्ळ!

लिंबोणीखाली होती वाटी. स्टीलची, धुतलेली, लखलखीत. तिच्या पोटात होता सूर्य! टिचकीने डोळे मिटले. उघडले. सूर्य तिथेच.

"वाटीबाई, वाटीबाई, घरी जा ना. मावशी देईना, दही लागेना, काकडी येईना, बत्ता उठेना, दाणा मिळेना."

वाटी म्हणाली, "मी नाही हलत. लिंबू पडल्याशिवाय मी नाही हलत."

रिकामी जायची तिला लाज वाटत होती. वाटीच ती, तिलाही रीतभात असते.

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, सुळ्ळ!

लिंबोणीवर होतं लिंबू. पिवळंधमक, गोल गरगरीत. बरोब्बर वाटीच्या वर. भोवती काटेच काटे! टिचकी लांबच थांबली. वास मात्र आला. काय तो वास! टिचकीच्या मिश्या थरथरल्या.

"लिंबूराव, लिंबूराव, खाली पडा ना. वाटी हलेना, मावशी देईना, दही लागेना, काकडी येईना, बत्ता उठेना, दाणा मिळेना."

लिंबू म्हणालं, "मी नाही पडत. वारा आल्याशिवाय मी नाही पडत."

आणि वारा कुठे होता? वारा झोपला होता. वैरणीच्या गंजीवर, मऊ मऊ जागा बघून.

टिचकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु, सुळ्ळ!

गंजीवर टिचकीने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. वारा कुठेच दिसेना. वारा दिसतो का कधी? नाही दिसत! पण गंजीवरची एक काडी हळूच हलायची. मग थांबायची. हलायची. थांबायची. वारा घोरत होता. फूऽऽऽ... फूऽऽऽ...

एवढा मोठा वारा! झाडं हलवणारा, पत्रे वाजवणारा! आणि टिचकीच्या पुढ्यात झोपलेला. टिचकीने शेपूट अंगाशी ओढली. तरी ती बोलली. अगदी हळू बोलली.

"वारेमामा, वारेमामा, उठा ना. लिंबू पडेना, वाटी हलेना, मावशी देईना, दही लागेना, काकडी येईना, बत्ता उठेना, दाणा मिळेना."

वारा झोपेतच म्हणाला, "मी नाही उठत. कुणी उठवल्याशिवाय मी नाही उठत."

आता कुणाकडे जायचं? टिचकीने मागे पाहिलं. कुणी नाही. पुढे पाहिलं. कुणी नाही. गंजीवर होती फक्त टिचकी. आणि टिचकीला होती शेपूट.

टिचकी त्या हलणाऱ्या काडीजवळ गेली. पाठ वळवली. शेपूट उचलली. आणि केली वाऱ्याच्या नाकाला गुदगुली. गुदु गुदु गुदु! गुदु गुदु गुदु!

आ... आ... आऽऽक्‌छीं!

काय ती शिंक! गंजी हलली, मांडव हलला, काकूंचा पदर उडाला. टिचकी तर गरगर फिरून खलाच्या काठावरच येऊन बसली.

वारा उठला. सूं सूं सूं!

लिंबोणी हलली. लिंबू पडलं. टण्ण! बरोब्बर वाटीत.

सरूकाकूंनी वळून पाहिलं. भागाची वाटी, आणि वाटीत लिंबू! काकूंना बरंच वाटलं. विरजण तर हवं होतं, पण रिकामी वाटी घेऊन जायचं कसं, म्हणून त्या सकाळपासून घुटमळत होत्या. काकूंनी वाटी उचलली आणि चालल्या शेजारी.

वाटी हलली!

भागामावशींनी लिंबू घेतलं. वास घेतला. हसल्या. त्याच वाटीत चमचाभर दही दिलं. वर ओंजळभर मोडाचे मूग दिले, ते काकूंनी पदरात घेतले. मावशींनी दिलं!

काकूंनी विरजण दुधात घातलं. पातेल्यावर झाकण ठेवलं. आणि म्हणाल्या, आता कुणी हलवू नका हं.

शूऽऽऽ.

कुणी हललं नाही. कुणी बोललं नाही. टिचकीची शेपूटसुद्धा गप्प. ऊन भिंतीवरून सरकलं. सावली लांब झाली. शूऽऽऽ.

मग काकूंनी झाकण काढलं. पातेलं जरासं कललं. दूध वाहिलं का? नाही! थुलथुल हललं आणि थांबलं. कुणी काही केलं नव्हतं. सगळे नुसते थांबले होते. आणि दुधाचं झालं होतं दही! टिचकीचा आ मिटेना.

दही लागलं! काकडी आली! काकूंनी ती कोचवली. कच कच कच कच! हिरव्या काकडीच्या पोटात पांढरं पांढरं पाणीदार.

आणि बत्ता... बत्ता उठला! वर, वर, वर!

टिचकी उडी मारणार, तेवढ्यात काकूंनी खलात टाकले दाणे. मूठभर दाणे, लाल लाल, गुबगुबीत. आता टिचकीचा दाणा कुठला? हा? का तो? का तो?

आणि वर गेलेला बत्ता खाली आला.

धप्प!

धप्प! धप्प! धप्प!

सगळ्या दाण्यांचं झालं कूट. टिचकीच्या दाण्याचंसुद्धा.

लिंबू पडलं, वाटी हलली, मावशींनी दिलं, दही लागलं, काकडी आली, बत्ता उठला. पण दाणा मिळाला का?

नाही मिळाला.

टिचकी काठावर बसली. शेपूट तोंडावर घेतली. टिचकीला खूप रडू आलं.

पण शेपटीच्या आडून तिला दिसत होतं. काकूंनी काय केलं? परातीत काकडी घातली. मोडाचे मूग घातले. केशरी गाजराचा कीस घातला. मग दही घुसळलं, घुर्र घुर्र घुर्र! दह्यात कूट. दह्यात मीठ. दह्यात चिमूटभर साखर. मग कढल्यात तेल, तेलात मोहरी. तडतड तडतड! कढीपत्ता, हळद, चुर्रर्र!

फोडणी पडली दह्यावर. पांढऱ्यावर पिवळी नक्षी उमटली. ते सगळं गेलं परातीत. हिरवं, केशरी, पांढरं, पिवळं. वर कोथिंबीर. टिचकीने शेपूट बाजूला केली. आता ती रडायची विसरली होती. परात होती, का आख्खी बाग होती?

घरातली माणसं आली. भागामावशी आल्या. सगळे परातीभोवती बसले. काकूंनी पहिला डाव वाढला. कुणाला वाढला? काकांना? नाही. मावशींना? नाही. काकूंनी घेतली एक करवंटी. करवंटीत वाढली कोशिंबीर. आणि ती ठेवली खलाच्या काठाशी.

"सकाळपासून पळतेय बिचारी," काकू म्हणाल्या. "तू आधी जेव."

टिचकीने एक घास घेतला. काकडी गार गार. दही आंबट गोड. मूग कुरुम कुरुम. आणि मग, जिभेवर, हळूच...

दाणा!

टिचकीने दुसरा घास घेतला. दाणा! तिसरा घास घेतला. त्यातही दाणा! कोथिंबिरीच्या पानाला लागलेला, गाजराला लागलेला, मुगाच्या मोडाला लागलेला. एकुलता एक दाणा होता, आणि आता घासाघासात दाणा होता! टिचकीने परातीकडे पाहिलं. काकांच्या घासात होता. मावशींच्या घासात होता. आपला एवढासा दाणा सगळ्यांना पुरला होता. टिचकीने मान वर केली, आणखी वर केली, आणि बत्त्याकडे पाहून शेपूट हलवली.

जेवण झालं. भागामावशी घरी निघाल्या. त्यांच्या हातात होती त्यांची वाटी. रिकामी? छे! काठोकाठ कोशिंबीर!

दाणा पडला, दाणा कुटला, घास झाला गोड,
खारीचं पोट भरलं, बाळा, आता तू तोंड उघड.

कर बघू आऽऽऽ!