महाराजांचं गाणं पुरं होईना

झांजनगरच्या गर्जेराव महाराजांचं गाणं संपेना, आणि ते संपेना म्हणून कासाराच्या भिवराचं लग्न लागेना!

शेजारच्या राजाने स्वतःवर पोवाडा करवून घेतला, तेव्हा गर्जेरावांनी हट्ट धरला की आपल्यावर रॅप हवं. मग काय, दूरदेशाहून संगीताचं सॉफ्टवेअर घातलेला संगणक आला. पालखीतून आला, वर छत्री धरून. त्यात गाणी जुळवणारं एआय होतं. महाराजांनी त्याला 'एआयपंत' असा किताब दिला, वर शाल आणि नारळ. नारळ ठेवायला जागा नव्हती म्हणून कारभाऱ्यांनी तो कीबोर्डवरच ठेवला, त्यामुळे पहिला दिवसभर पडद्यावर नुसता 'ठ' उमटत राहिला. गाण्याला आवाज दरबारी शाहीर कोंडाजीचा, आणि हा कोंडाजी म्हणजेच भिवराचा होणारा नवरा.

बीट जमला, कडवी जमली, घोडं अडलं ते शेवटापाशी. एआयपंतांनी आवाज हळूहळू विरत नेला, तर महाराज म्हणाले, मी काय विरत चाललोय? गाणं टक्कन तोडलं, तर म्हणाले, माझ्या तोंडावर दार आपटलंत. ढोल एकेक करून गळाले आणि नुसता शाहिराचा आवाज उरला, तेव्हा त्यांना आपलं सैन्य पळून गेल्यासारखं वाटलं. मग शेवटचा शब्द घुमवत ठेवला. त्यावर मला वेडावतंय कोण, म्हणून महाराज कडाडले आणि पहारेकरी त्या वेडावणाऱ्याला धरायला गच्चीपर्यंत जाऊन आले.

अखेर महाराजांनी हुकूम सोडला. "गाणं पुरं झालं पाहिजे, पण माझं गुणगान कुणी थांबवलं असं होता कामा नये. तोवर शाहिराने संगणकाच्या खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही!"

नेमकी त्याच सकाळी कोंडाजीला हळद लागली होती. पिवळाधमक नवरदेव खोलीत कोंडला गेला, खोलीला कुलूप लागलं. इकडे मांडव पडलेला, पाहुणे पंगतीची वाट पाहत बसलेले, आणि मुहूर्त त्याच संध्याकाळचा. भिवराच्या आईने डोळ्याला पदर लावला. भिवराला मात्र रडू आलं नाही, संताप आला. हिरव्या चुड्याचे हात घेऊन ती तडक राजवाड्यात शिरली. राण्यांना बांगड्या भरायला ती लहानपणापासून येत होती, तिला कोण अडवणार?

महाराजांपुढे तिने मुजरा केला आणि म्हणाली, शेवट मी करून देते. फक्त गाणं भर दरबारात वाजवायचं, आणि एक माइक सिंहासनासमोर ठेवायचा, म्हणजे महाराजांची दादही गाण्यात येईल. महाराजांना हे भलतंच आवडलं.

"पण महाराज, गाण्यात जे येईल ते खरंच धरायचं ना?"

"माझ्या गाण्यात खोटं? अक्षर न् अक्षर खरं!"

तिथून ती कोंडाजीच्या दाराशी गेली आणि किल्लीच्या भोकाला तोंड लावून म्हणाली, "पंतांकडे शेवट मागूच नकोस. महाराजांच्या दानशूरपणाची कडवी माग, संपूच देऊ नकोस. हेडफोन कानाला ठेव. महाराजांचा पहिला शब्द कानावर आला, की तो गाण्यात घे आणि तिथेच कळ बंद कर."

"आणि ते बोललेच नाहीत तर?"

"तर तू आत म्हातारा होशील अन् मी बाहेर म्हातारी होईन. बस कामाला!"

दरबार भरला. ढोल दणाणले. महाराज मान डोलवू लागले आणि एआयपंत कोंडाजीचा आवाज उसना घेऊन सुटले:

"मागेल त्याला घोडा दिला, मोत्यांचा तोडा दिला,
शत्रूलाही जाता जाता किल्ला थोडा थोडा दिला!"

महाराजांची मान जराशी थांबली. किल्ल्याचं त्यांना काही आठवेना. पण अक्षर न् अक्षर खरं म्हणून बसले होते, करतात काय? हसल्यासारखं केलं.

"आंबराई माळ्याला, हत्ती दिला न्हाव्याला..."

दारात उभा असलेला राजवाड्याचा न्हावी धोपटी काखेत मारून हत्तीखान्याकडे पळाला. जाता जाता माहुताला विचारू लागला, हा खातो काय आणि झोपतो कुठे?

"सिंहासनही देऊन टाकलं धाकट्या मेव्ह..."

पहिल्या रांगेतले धाकटे मेव्हणे शेला सावरत उठले.

"पुरे!" महाराज गरजले.

तो शब्द नेमका ढोलाच्या ठोक्यावर पडला, आणि गाणं तिथेच थांबलं.

"चावटपणा आहे हा! मी शेवट मागितला होता. कुठे आहे शेवट?"

"झाला की, महाराज," भिवरा म्हणाली. "विरला नाही, तुटला नाही. आपलं गुणगान थांबवायची आमची कुणाची छाती नव्हती, ते आपणच थांबवलंत. गाणं पुरं करा म्हणालात, आणि आपल्याच तोंडाने पुरे म्हणालात!"

महाराजांनी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी स्वतःचा तो "पुरे!" ढोलावर आदळताना ऐकला, आणि त्यांचा चेहरा खुलला. तेवढ्यात मेव्हणे पुढे आले.

"दाजी, सिंहासनाचं काय? माझं नाव आलंय गाण्यात."

"'मेव्ह' एवढंच आलंय," भिवरा म्हणाली. "या नावाचं कुणी असेल तर त्याने येऊन बसावं."

महाराज असे खदखदा हसले, की मुकुट घरंगळून मेव्हण्यांच्याच पायाशी गेला आणि तो त्यांना स्वतः उचलून द्यावा लागला! कुलूप उघडलं. हळद वाळून खपल्या निघालेला कोंडाजी बाहेर आला, त्याला महाराजांनी आपला जरीचा शेला पांघरला आणि भिवराला सोन्याचे गोठ दिले. वरातीला हत्तीही द्यायचा होता. पण 'न्हाव्याला' हा शब्द गाण्यात पुरता आलेला होता, म्हणून महाराजांनी हात जोडून तो न्हाव्याकडून मागून आणला.