घोंगडी

“इंग्रजीतल्या ‘ईरी’ आणि ‘क्रीपी’ यांत फरक काय, ठाऊक आहे का बुवा तुम्हाला?”

रघोबुवा मांडीवर सूप घेऊन फणसाच्या आठळ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही रे.”

दत्ताराम पुढे सरसावला. त्याला एवढंच हवं होतं.

“ईरी म्हणजे अजून काहीच घडलेलं नसतं, पण घर उगाच जास्त शांत वाटतं. क्रीपी म्हणजे अंगावरून काहीतरी सरपटत गेल्याचा भास. घॅस्टली म्हणजे प्रेतकळा. अनकॅनी म्हणजे रोजचीच ओळखीची वस्तू एकाएकी परकी वाटते ते. भीतीच्या एकेका छटेला वेगळा शब्द आहे, बुवा! आणि आपण? सगळ्याला भयंकर. वादळ भयंकर, भूत भयंकर, भाजी तिखट झाली तरी भयंकर.”

“भाजीचं खरं आहे,” बुवा म्हणाले.

दत्ताराम तालुक्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी रघोबुवांच्या ओटीवर येऊन गोष्ट सांगायला शिकायचा. वर्षानुवर्षं येत होता. सगळं गाव ज्याला भिऊन असतं, त्या गावच्या राखणदाराची उद्या जत्रा होती. पालखी टेकली की भर उन्हात गावाला राखणदाराची गोष्ट सांगायची, आणि सांगणाऱ्याने बुवांची काळी घोंगडी अंगावर घ्यायची, अशी तिथली रीत. यंदा बुवांचा श्वास पुरत नव्हता. घोंगडी कोणाला तरी द्यावी लागणार होती.

ती घोंगडी बुवांच्या शेजारी घडी करून ठेवलेली होती. दत्तारामाची नजर बोलता बोलता तिच्याकडे जात होती.

“म्हणून म्हणतो, उद्याची गोष्ट मी सांगतो. हे सगळे शब्द घालून. गाव हादरलं पाहिजे.”

“मागच्या रविवारी घातले होतेस की.”

दत्तारामाने घोंगडीवरची नजर काढून घेतली.

मागच्या रविवारी त्याने इथेच, सगळ्या शिष्यांपुढे, ते एकूण एक शब्द घालून गोष्ट सांगितली होती. शब्द झाला की अर्थ, अर्थ झाला की दुसरा शब्द. ऐकायला बसलेल्या तुकारामकाकांना डुलकी लागली. मग शेवंतीची पाळी आली. ग्रामपंचायतीत कारकून असलेली, दत्तारामाच्या कितीतरी मागून आलेली शेवंती. तिने पदर खोचला आणि साध्या आवाजात म्हणाली, “घरात माणसं चारच होती. सुनेने पानं वाढली ती पाच. आणि कोणी तिला विचारलं नाही, पाचवं कोणाचं.”

तुकारामकाका जागे झाले. माणसं एकमेकांना खेटून बसली.

आणि दत्तारामाच्या अंगावर काटा आला. हेच त्याला सहन झालं नाही. दुसरे घाबरले असते तर तो म्हणाला असता, अडाणी आहेत. पण तो स्वतः घाबरला होता. त्या दिवसापासून तो शेवंतीवर जळत होता, पार आतून जळत होता, आणि वर हसून तिला म्हणाला होता, “छान झालं हो.”

“शेवंती सांगत होती तेव्हा तुला काय झालं?” बुवांनी विचारलं.

“काही नाही.”

बुवांनी पुढची आठळी उचलली.

“काही नाही म्हटलं ना, बुवा.”

“तुझ्याकडे एवढे शब्द. त्यातला एक काढ.”

दत्तारामाने मनातल्या मनात शोधलं. ईरी नव्हे. क्रीपी नव्हे. मग एक सापडला, भीतीच्या यादीत नसलेला. त्याने तोंड उघडलं.

बुवांनी हात वर केला.

“नाव नको. राखणदाराचंही आपण नाव घेत नाही, ‘तो’च म्हणतो. तुझ्या आतला तो काय करतो, तेवढं सांग.”

आठळीचं साल निघाल्याचा आवाज तेवढा येत होता.

“तो… माझ्याआधी उठतो,” दत्ताराम म्हणाला. “मी चहा घेतो तेव्हा समोर बसलेला असतो.”

“हं.”

“बुधवारी शेवंतीला ताप भरला होता. मी पेज घेऊन गेलो. तिची आई म्हणाली, सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत. मी पेज चमच्याने भरवली, बुवा. आणि भरवताना तिचा घसा बघत होतो.”

“कशाला?”

“आवाज बसलाय का, ते पाहायला.”

“बसला होता?”

“बसला होता. परत येताना… मी गाणं म्हणत होतो.”

बुवांचा हात थांबला.

“काल तिचा आवाज परत आला. माझ्या अंगणात येऊन ती म्हणाली, दत्तादादा, तुमच्या पेजेने बरी झाले. मी म्हटलं, बरं झालं हो. आणि तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, पुढच्या वेळी पेजेत…”

“पेजेत काय?”

दत्तारामाचे ओठ नुसतेच हलले.

बुवांच्या मांडीवरचं सूप कलंडलं. आठळ्या ओटीभर पसरल्या. वैशाखातली टळटळीत दुपार होती, अंगणात पाय ठेवला तर भाजत होता. बुवांनी शेजारची घोंगडी ओढली, खांद्यांवरून घेतली आणि छातीशी घट्ट आवळली. त्यांच्या हातांवरचे केस उभे राहिले होते.

दत्ताराम खाली वाकला आणि रडत रडत आठळ्या गोळा करू लागला.

“चुकलो, बुवा. मला नको ती घोंगडी. तिलाच द्या. तिचाच मान आहे.”

दत्तारामाने शेवटची आठळी सुपात टाकली आणि उठून जायला निघाला.

तेव्हा बुवा उठले. अंगावरची घोंगडी काढली आणि त्याच्या खांद्यांवर घातली. ती अजून उबदार होती.

“उद्या हीच गोष्ट सांग,” ते म्हणाले. “शेवंतीला मी पुढ्यात बसवतो.”