अध्यक्षांची गाडी रोलरवर

बाजार समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब हिंगमिरे यांनी लालभडक स्पोर्ट्स कार घेतली आणि इंजिनाची ताकद मोजायला ती शबाना मुल्लांच्या गॅरेजमधल्या रोलरवर चढवली. चाकं जागच्या जागी गरगरली, कार्यकर्त्यांनी शिट्ट्या मारल्या आणि पडद्यावर आकडा आला तो कंपनीने सांगितल्याच्या निम्मा!

तात्यासाहेब भडकले. “मशीन भंगार आहे तुमचं! काल अख्ख्या हायवेवर एक गाडी माझ्यापुढे टिकली नाही. सगळे पटापट बाजूला झाले! आकडा बदला, नाहीतर उद्यापासून गॅरेजला टाळं लागेल.”

शबानाताईंनी गाडीच्या काचेमागची ‘अध्यक्ष’ लिहिलेली भलीमोठी पाटी फडक्याने हळूच पुसली.

“साहेब, हायवेवरचे लोक ही पाटी वाचून बाजूला होतात,” त्या म्हणाल्या. “आमच्या रोलरला वाचता येत नाही.”