बाटलीच्या गळ्यातला राखाडी दोरा

बसा, आणि ही बाटली आधी हातात घ्या. उघडू नका. बुचावरून गळ्याशी राखाडी दोऱ्याचे वेढे दिसतात ना? पॅरिसच्या ओर्साल या उंची कपड्यांच्या पेढीचे हे जुने अत्तर, नाव ‘सोलांज’. मिरजेत आमचे दुकान अत्तरांनी भरलेले आहे, पण दोरा बांधून येणारी बाटली हीच एक. का, ते मला तिथल्या एका म्हाताऱ्या शिवणकरणीने सांगितले.

ही पेढी दोन बहिणींची. थोरली ओदिल गिऱ्हाईक सांभाळी, धाकटी सोलांज शिवी. कापड विरले तरी तिने लावलेले बटण निघत नसे, असे सांगतात. पुढे सोलांजची दृष्टी गेली. आता आपण खायला काळ अन् भुईला भार, असे म्हणत तिने मठात जायचे ठरवले. गाठोडे बांधून दाराशी ठेवलेदेखील.

तिला रमवायला ओदिलने गुलाबाचे अत्तर करवून आणले. सोलांजने हुंगून बाजूला ठेवले.

“हा परक्याच्या लग्नातला वास.”

“मग तुला कसला हवा?”

“आपल्या खोलीचा. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरते ना, तो.”

अत्तरवाल्याने कपाळाला हात लावला म्हणे. ओदिलने त्याला शिवणखोलीतच आणून बसवले. इस्त्रीची वाफ खात खात अखेर त्याने आयरिस नावाच्या फुलझाडाच्या वाळल्या कंदातून तो वास साधला. पण बुचे सैल. गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत बाटली अर्धी गळून जाई. ओदिल रडकुंडीला आली.

सोलांजने एक बाटली चाचपली. बोटांना बूच लागले ते बटणासारखे. सवयीने तिने टेबलावरचा दोरा ओढला, बटणाखाली घालतात तसे करकचून वेढे घातले, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.

“अगं वेडे, बाटलीला बटण लावलंस!”

“मग काजंही करून देऊ का?” सोलांज म्हणाली, आणि आंधळी झाल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.

त्या बाटलीतून थेंब सांडला नाही. “मग बाकीच्या कोण बांधणार?” ओदिलने विचारले. सोलांजने दाराशी जाऊन गाठोडे सोडले आणि आतली आपली दोऱ्याची रिळे टेबलावर मांडली.

आजही तिथल्या मुली ही गाठ डोळे मिटून बांधतात. बघत बांधलेली गाठ सुटते, असा त्यांचा समज. खरे-खोटे देव जाणे. माझ्याकडे आजवर एकही बाटली गळकी आलेली नाही.

नाही, कात्री मी देत नाही. डोळे मिटा. बोटांना लागली गाठ? आता हळूच ओढा.